काडीपैलवानाचं लिव्हर

लग्न ठरलं तेव्हा माझ्या आईची एकच तक्रार होती. मुलगा शिकलेला आहे, सरळ आहे, घरचाही चांगला आहे, पण फार वाळका आहे. "वाऱ्याने उडून जाईल," ती म्हणाली. माझे वडील कलकत्त्यात वकिली करायचे आणि माणसं पारखण्याचा त्यांना भरवसा होता. ते म्हणाले, "उडायचा असता तर आतापर्यंत उडाला असता. नदीवरच्या गर्डरवर उभं राहून नोकरी करतो तो."

हे एका खासगी कंपनीत इंजिनियर होते. कंपनीचा कारखाना गार्डन रीचच्या बाजूला होता आणि पुलांची कामं बंगाल, बिहार, ओरिसात चालायची. लोखंडी तुळया जोडून झाल्या की वर चढायचं, प्रत्येक रिवेट, म्हणजे त्या जोडणारा जाड खिळा, छोट्या हातोडीने वाजवून बघायचा आणि आवाज बद्द आला तर तो काढून दुसरा ठोकायला लावायचा, हे यांचं काम. खाली पाणी, वर ऊन, पायाखाली हातभर रुंदीचं लोखंड. कारखान्यातले मराठी फिटर यांना पाठीमागे काडीपैलवान म्हणायचे. यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

मी कलकत्त्यातच जन्मले, वाढले. भवानीपूरला आमचं बिऱ्हाड होतं, आणि हे साइटवरून महिन्यातून काही दिवस घरी असायचे. वाईकडचा माणूस इथे येऊन एका गोष्टीत मात्र पुरता बंगाली झाला होता. गोड. सकाळी छेन्याचे संदेश, दुपारी भातानंतर मातीच्या भांड्यातलं लालसर गोड दही, संध्याकाळी पुन्हा काहीतरी. त्यालाही एक कारण होतं. यांच्या धंद्यात पूल पुरा झाला की साहेब लोकांची पार्टी व्हायची, ठेकेदार बाटल्या आणायचे. नोकरीच्या पहिल्या वर्षी यांच्या डोळ्यांदेखत एक रिवेट ठोकणारा प्यायलेल्या अवस्थेत वरून पडून गेला होता. हे आधीही कधी पीत नव्हते, त्यानंतर तर प्रश्नच उरला नाही. पण सगळ्यालाच नाही म्हटलं तर यजमानाचं तोंड उतरतं. म्हणून बाकीच्यांच्या हातात ग्लास आला की हे गोड सरबत घ्यायचे. एक संपलं की दुसरं यायचं, आणि वर मिठाईची बशी. "यांना हे तरी घेऊ दे," म्हणून ठेकेदार बशी भरत राहायचे. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. नवरा पीत नाही आणि पेढा खातो, यात बायकोने तक्रार कशाची करायची?

एकोणीसशे सत्तरनंतरची गोष्ट. यांना थकवा यायला लागला. उजव्या बरगड्यांखाली जडजड वाटायचं, दुखायचं असं नाही, पण काहीतरी ठेवल्यासारखं. हातपाय तसेच काड्यांसारखे, फक्त पट्ट्याचं भोक एकाने पुढे सरकलं होतं. आम्ही दोघंही त्यावर हसलो होतो. उंचावर काम करणाऱ्यांची कंपनी दरवर्षी तपासणी करून घ्यायची. त्या तपासणीत कंपनीच्या डॉक्टरांनी यांना आडवं झोपवलं, बरगडीखाली बोटं दाबली, श्वास आत घ्यायला सांगितलं आणि विचारलं, "रोज किती घेता?"

"काय किती घेतो?"

"लिव्हर दोन बोटं खाली आलंय. मला काय विचारायचंय ते तुम्हाला कळतंय."

हे म्हणाले, "मी दारू पीत नाही."

डॉक्टर वयस्क होते, स्वभावाने वाईट नव्हते. आयुष्यभर त्यांनी कारखान्यातली माणसं तपासली होती आणि 'मी पीत नाही' हे वाक्य रोज ऐकलं होतं. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. लिव्हरचे आकडे वाढलेले निघाले. त्यांनी यांना पुन्हा बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"हे बघा," ते म्हणाले, "जाड माणूस असता तर मी चरबी म्हटलं असतं. तुमच्या अंगावर चरबी औषधालाही नाही. कावीळ नाही, ताप नाही. मग उरतं काय? मी कुणाला सांगणार नाही. तुम्ही फक्त माझ्यासमोर कबूल करा आणि सोडतो म्हणा. मी तुम्हाला वर चढायला पास करतो. तीन-चार महिन्यांनी परत बघू."

यांनी थोडा वेळ विचार केला, असं त्यांनीच मला नंतर सांगितलं. विचार करण्यासारखंच होतं. एक वाक्य बोलायचं होतं, बंद दाराआड, आणि काम परत हातात येणार होतं. मग हे म्हणाले, "डॉक्टर, जी कधी धरली नाही ती सोडतो कसं म्हणू?"

डॉक्टरांनी सही केली नाही. पिणाऱ्याला उंचावर पाठवायचं नाही हा कंपनीचा नियम होता आणि तो चांगलाच नियम होता, हे यांनाही मान्य होतं. पुलावरून यांना खाली घेतलं आणि कारखान्यातल्या ड्रॉइंगच्या टेबलावर बसवलं. यांचे वरिष्ठ यांच्यावर जीव असलेले गृहस्थ होते. त्यांनीही समजावलं, "एवढं काय अडून बसायचं? सोडतो म्हणून टाक."

हे घरी आले, बूट काढले आणि मला सगळं क्रमाने सांगितलं. सांगताना आवाज चढला नाही. शेवटी म्हणाले, "तुला काही विचारायचंय?"

मी म्हटलं, "जेवायला वाढू का?"

दोघं जेवलो. त्या रात्री यांनी भात कमी खाल्ला, एवढंच.

कलकत्त्यातलं मराठी जग छोटं. कुणाची बदली, कुणाचं बाळंतपण, सगळं आठवड्याभरात सगळ्यांना कळतं. त्या वर्षी गणपतीत आरती झाल्यावर एक मावशी मला खांबाआड घेऊन गेल्या. माझा हात हातात धरून म्हणाल्या, "सांभाळून घे गं. पुरुषांचं होतं असं. मारहाण नाही ना करत?" त्यांच्या डोळ्यांत खरी काळजी होती, म्हणूनच मला फार लागलं. मी म्हटलं, "मावशी, ते पीत नाहीत." त्या माझा हात थोपटत राहिल्या. थोपटण्यातच कळलं की विश्वास बसलेला नाही.

माझ्या सख्ख्या भावालाही बसला नाही. तो घरी आला, हे बाहेर गेल्याचं बघून म्हणाला, "तू इथे असतेस, तो तिथे साइटवर तंबूत. तिथे काय चालतं तुला काय ठाऊक?"

"ठाऊक आहे, दादा."

"कसं?"

"कारण त्यांना खोटं बोलायचं असतं तर आज ते पुलावर असते. खरं बोलले म्हणून टेबलावर बसलेत."

दादा वकिलाचाच मुलगा. मुद्दा बिनतोड आहे हे त्याला कळलं. चहा पिऊन गेला. पण मला त्या क्षणी उमगलं की नुसतं आपल्याला ठाऊक असणं पुरणार नाही. दुखणं खरं आहे, लिव्हर खरंच वाढलंय, आणि ते कशाने हे कुणीच शोधत नाहीये. सगळ्यांना उत्तर मिळालं होतं, म्हणून शोध थांबला होता.

कॉलेजातल्या माझ्या मैत्रिणीची थोरली बहीण एका मोठ्या इस्पितळात डॉक्टर होती आणि डॉक्टरकीच्या मुलांना शिकवायचीही. आम्ही सगळ्या तिला दीदी म्हणायचो. तिच्या धारदार बोलण्याची आम्हाला कॉलेजात असताना भीती वाटायची. मी यांना घेऊन तिच्याकडे गेले. तिने मला बाजूला बसवलं, यांना समोर, आणि पहिला प्रश्न तोच विचारला.

"दारू?"

"नाही."

"कधीच?"

"कधीच नाही."

तिने यांच्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाली, "ठीक. मी हे खरं धरून चालते. खोटं निघालं तर नुकसान तुमचंच आहे. आता मला सांगा, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय खाता?"

हे सांगत गेले. ती ऐकत गेली. संदेश, भात, गोड दही, सरबत, पार्टीतल्या बश्या. मग तिने विचारलं, "वडील आहेत?"

"नाहीत. गेले."

"कसे होते? जाड?"

"माझ्यासारखेच. शेवटी शेवटी पायाची जखम भरत नव्हती. सारखं पाणी प्यायचे."

दीदीने पेन खाली ठेवलं. तोवर हे वडिलांचं बोलणं यांनी माझ्याशीही कधी केलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. तिने यांना तपासलं, बरगडीखाली बोटं दाबली, मग पोटावर हात ठेवून मला बंगालीत म्हणाली, "तुझ्या नवऱ्याचे हातपाय उपाशी माणसाचे आहेत आणि पोट जमीनदाराचं."

हे बंगाली चांगलं समजायचे. खोकल्यासारखं करून हसले.

तिचं म्हणणं असं होतं की आत नक्की काय आहे ते बघितल्याशिवाय बोलू नये. तेव्हा आजच्यासारखं पोटावर यंत्र फिरवून पडद्यावर बघायची सोय नव्हती. बरगड्यांमधून लांब सुई घालून लिव्हरचा बारीक तुकडा काढायचा आणि तो सूक्ष्मदर्शकाच्या काचेखाली बघायचा. त्यात रक्तस्राव होऊ शकतो, हेही तिने लपवलं नाही. हे म्हणाले, "करा. माझ्याबद्दल लोक काय म्हणतात ते म्हणू देत, पण आत काय बिघडलंय ते मला कळलं पाहिजे. वाजवल्याशिवाय रिवेट बरा आहे की नाही कळत नाही."

सुई घालायच्या वेळी मला बाहेर थांबवलं. श्वास सोडून तसाच धरून ठेवायचा, हलायचं नाही, असं यांना सांगितलं होतं. दीदी नंतर म्हणाली, इतका स्थिर पेशंट तिने क्वचित बघितला. उंचावर श्वास सांभाळायची यांना सवयच होती. मग कितीतरी तास उजव्या कुशीवर दाबून पडून राहायचं होतं. मी शेजारी बसले. बाहेर मोर्चा चालला होता, घोषणा ऐकू येत होत्या, आणि हे मला गर्डर कसा उचलतात ते समजावून सांगत होते. माझं अर्धं लक्ष नव्हतं, पण मी हूं हूं करत राहिले.

काचेखाली चरबी निघाली. लिव्हरच्या पेशीपेशींत चरबीचे थेंब. अंगावर चिमूटभर चरबी नसलेल्या माणसाची सगळी चरबी आत जाऊन बसली होती.

यांना वाटलं, आता तरी सुटलो. पण कंपनीच्या डॉक्टरांनी ते ऐकून मान हलवली. "मी काय म्हणत होतो?" ते म्हणाले. "दारूनेही हेच होतं." आणि ते बरोबर होतं. दारूनेही असंच दिसतं. काचेखालचा तुकडा काय झालंय ते सांगत होता, कशामुळे झालं ते सांगत नव्हता. ज्या पुराव्यासाठी हे सुईखाली झोपले तोच यांच्यावर उलटला.

त्या दिवशी पहिल्यांदाच मी यांना खचलेलं पाहिलं. खिडकीत उभे राहून म्हणाले, "म्हणून टाकलं असतं तर बरं झालं असतं का गं?"

मी म्हटलं, "मग मी मावशींना काय तोंड दाखवलं असतं? मी तर सांगून बसलेय."

दीदी मात्र थांबलेली नव्हती. तिने यांना सकाळी उपाशी पोटी बोलावलं, भरपूर ग्लुकोज घातलेलं पाणी प्यायला दिलं आणि मग अर्ध्या अर्ध्या तासाने रक्त काढलं. यांना ते पाणी आवडलं, असं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. ती म्हणाली, "शेवटचं समजून प्या."

साखर वर गेली आणि खाली यायलाच तयार होईना. वडिलांचा मधुमेह यांच्यापर्यंत आला होता, अजून गुपचूप होता. दीदीने आम्हाला दोघांना समोर बसवून सांगितलं, "पुस्तकात लिव्हरच्या चरबीची कारणं लिहिलेली आहेत. दारू, लठ्ठपणा, मधुमेह, आणखीही काही. पिणारा दिसला की आम्ही पहिल्यावर थांबतो, जाड दिसला की दुसऱ्यावर. बारीक माणूस आला की पुन्हा पहिल्यावर जातो, कारण बारीक माणसात चरबी असेल हे आमच्या डोळ्यांना पटत नाही. काही माणसांना चरबी कातडीखाली साठवताच येत नाही, मग ती आत जाते, असं मला वाटतं. का, ते मला पुरतं माहीत नाही. पण उपाय करून बघता येईल. जामाई, तुम्ही दारूला नाही म्हणत आलात. आता संदेशला म्हणा." जामाई म्हणजे जावई. धाकट्या बहिणीच्या मैत्रिणीचा नवरा म्हणून तिने ते नातं जोडून टाकलं होतं.

गोड बंद. सरबत बंद. भात मुठीएवढा. रोज झपझप चालणं. मी स्वयंपाकघर उलटंपालटं केलं. मुंबईहून कुणी येणार असलं की ज्वारीचं पीठ मागवायचं, ते संपलं की पोळ्या, उसळी, पालेभाज्या, काकडी, ताक. हे सकाळी मैदानावर चालून यायचे आणि मग ट्रामने कारखान्याकडे निघायचे. टेबलावर बसून दुसऱ्यांच्या पुलांची ड्रॉइंग तपासायचे. त्याबद्दल एकदाही कुरकुर केली नाही.

दारूला नाही म्हणणं सोपं असतं, लोक निदान मान तरी देतात. बंगालात मिठाईला नाही म्हणणं म्हणजे माणसाला नाही म्हणणं. दुर्गापूजा संपली की बिजोयाला लहानांनी मोठ्यांच्या पाया पडायला घरोघर जायचं आणि मोठ्यांनी तोंड गोड करायचं, ही रीत. आमच्या घरमालकांची वृद्ध आई दरवर्षी यांच्यासाठी स्वतः नारळाचे लाडू वळायची. यांनी नमस्कार केला, तिने बशी पुढे केली आणि हे म्हणाले, "आजी, आशीर्वाद सगळा घेतो. लाडू नाही घेत."

म्हातारीचा चेहरा पडला. "माझं काय चुकलं?"

हे तिच्या पायाशी जमिनीवर बसले आणि लिव्हर, चरबी, साखर, सगळं मोडक्यातोडक्या बंगालीत तिला समजावलं. बराच वेळ लागला. बाकीची मंडळी मागे ताटकळत उभी. शेवटी ती उठली, आत गेली आणि वाटीभर कुरमुरे, काकडी आणि हिरवी मिरची घेऊन आली. "हे तर चालेल?" हे तिथेच बसून सगळे कुरमुरे खाऊन उठले. पुढे ज्या घरी गेलो तिथे आमच्या आधीच निरोप पोचला होता, आणि सगळीकडे कुरमुरेच आले. त्या संध्याकाळी यांच्यामागून जिने चढता-उतरताना मला जो अभिमान वाटत होता, तो लग्नातही वाटला नव्हता.

उन्हाळ्यापर्यंत थकवा गेला. पट्टा परत जुन्या भोकावर आला. दीदीने बरगडीखाली बोटं दाबली, पुन्हा दाबली, आणि म्हणाली, "मला लागत नाहीये." रक्ताचे आकडेही उतरले होते. ती स्वतः कंपनीच्या डॉक्टरांकडे गेली. तिकडे दोघांत काय बोलणं झालं ते ती कधी सांगेना, पण तिच्याबरोबर ते डॉक्टर आमच्या घरी आले. छत्री दाराशी टेकवून, बसायच्याही आधी म्हणाले, "तुम्ही खरं बोलत होता. मी ऐकलं नाही."

हे म्हणाले, "तुम्ही बसा आधी."

मग दोघांनी बिनसाखरेचा चहा घेतला. डॉक्टर निघताना म्हणाले, की यापुढे बारीक माणसाचं लिव्हर हाताला लागलं तर ते बाटलीच्या आधी बापाची चौकशी करतील. पुढच्या आठवड्यात हे पुलावर गेले. मावशींना मी काही सांगायला गेले नाही. त्यांना कळलं, आणि त्या आपणहून डबाभर ज्वारीचं पीठ घेऊन आल्या.

त्यानंतर दीदीने एक मागणं केलं. तिच्या विद्यार्थ्यांसमोर यांनी यावं. मला वाटलं, हे संकोचतील. हे म्हणाले, "सदरा काढायला लागेल का?" लागणार होता. तरी गेले. मी मागच्या बाकावर बसले.

दीदीने यांना पुढे उभं केलं आणि मुलांना म्हणाली, "या गृहस्थांचं लिव्हर दोन बोटं वाढलं होतं. कारण शोधा." पहिल्याच मुलाने उठून विचारलं, "रोज किती पिता?" दीदी नुसती हसली. हे शांतपणे उत्तरं देत गेले. मुलं एकेक कारण काढत गेली आणि अडत गेली. वडिलांबद्दल विचारायला बराच उशीर लागला. एका मुलीने विचारलं ते. दीदीने तिला पुढे बोलावून शेजारी उभं केलं.

सगळं उलगडून झाल्यावर त्याच पहिल्या मुलाने हात वर केला. "तुमच्या घरच्यांनी तरी विश्वास ठेवला का?"

यांनी मागे बोट दाखवलं. "त्या बसल्यात. त्यांना विचारा."

सगळी डोकी वळली. मला उभं राहावं लागलं. मी बंगालीत म्हटलं, "विश्वास ठेवावा लागला नाही. हे खरं बोलतात हे मला आधीपासून माहीत होतं." आणि खाली बसले.

मग दीदीने यांना टेबलावर झोपवलं आणि मुलांना एकेक करून हात लावून बघायला सांगितलं. ओळ लागली. प्रत्येक जण बरगडीखाली बोटं रुतवून जे आता तिथे नव्हतं ते शोधू लागला. यांना भयंकर गुदगुल्या होतात. थोडा वेळ यांनी ओठ घट्ट मिटून धरले, मग त्या भरल्या वर्गात, छताकडे बघत, हे मोठमोठ्याने हसायला लागले.